हिवाळी केबिनसाठी घडीचे चाकू: गनफ्लिंट ट्रेलवरच्या नोंदी

शनिवार, २८ डिसेंबर. मिनियापोलिस

जानेवारीच्या लाँग वीकेंडला गनफ्लिंट ट्रेलवर केबिन मिळाली. लेक सुपीरियरच्या काठावरच्या ग्रँड मरे गावातून हा रस्ता आत जंगलात शिरतो. केबिनमध्ये लाकडाचा स्टोव्ह आहे, वीज जेमतेम, पाणी बाहेरून आणायचं. रात्री उणे २५ सेल्सियस तिकडे नेहमीचंच. याच मिनेसोटा राज्यात टॉवर गावाजवळ २ फेब्रुवारी १९९६ ला उणे ६० फॅरनहाइट, म्हणजे उणे ५१ सेल्सियस नोंदलं गेलंय.

दर हिवाळ्यात आपल्यातली बरीच कुटुंबं असल्या केबिनला जातात. यादी करताना जॅकेट, बूट, पोह्यांची पिशवी सगळं आठवतं. चाकू मात्र निघता निघता स्वयंपाकघरातून उचलून टाकला जातो. तिथे तो उघडत नाही, उघडला तर लॉक बसत नाही, आणि घरी येईपर्यंत लाल झालेला असतो. पुढच्या कुणाला उपयोग व्हावा म्हणून या वेळी सुरुवातीपासून लिहून ठेवतोय.

तीन चाकू न्यायचे आहेत. पहिला ओपिनेल क्रमांक ८. कार्बन स्टीलचं साडेआठ सेंटिमीटरचं पातं, बीच लाकडाची मूठ, आणि पातं जागेवर धरून ठेवणारं फिरतं कडं. फ्रान्समधल्या साव्हॉयचा हा चाकू १८९० पासून बनतोय, कडं मात्र १९५५ मध्ये आलं. दुसरा मेहुण्याचा व्हिक्टोरिनॉक्स फार्मर. ॲल्युमिनियमची खरबरीत मूठ, स्टेनलेस पातं, आणि छोटी पण कामाची करवत. तो नाताळात पुण्याहून आला तेव्हा हा चाकू चेक-इनच्या बॅगेत, टॉवेलात गुंडाळून आला. केबिन बॅगेत कितीही छोटा चाकू ठेवू नका, सिक्युरिटीवर जातो तो जातोच. तिसरा गराज सेलमध्ये घेतलेला जुना लॉकबॅक. जड, पितळी टोकांचा, मुठीच्या पाठीवर दाबायचा लॉक. कंपनीचं नाव झिजून गेलंय.

तिन्ही आज रात्री फ्रीझरमध्ये ठेवतोय. घरचा फ्रीझर उणे १८ ला असतो. तिकडची थंडी याहून जास्त, पण दोष दिसायला एवढी पुरे.

रविवार, २९ डिसेंबर

फार्मर उघडला, नेहमीपेक्षा थोडा जड. लॉकबॅक अर्ध्यात अडकला. आत जुनं ग्रीस होतं, ते मेणासारखं घट्ट झालं होतं. ओपिनेल तर हललाच नाही. मेहुण्यानं दोन्ही हातांनी ओढून पाहिलं आणि म्हणाला, “दाजी, हा तर चिकटवल्यासारखा बसलाय.”

कारण लगेच कळलं. आमच्याकडे विळी असो की सुरी, धुऊन पुसली की खोबरेलाचं बोट फिरतं. बायकोच्या आईपासूनची सवय आहे आणि कोकणातल्या दमट हवेत ती शंभर टक्के बरोबर आहे. पण खोबरेल साधारण २४ सेल्सियसच्या खाली थिजतं. थंडीत डब्यातलं तेल कसं पांढरं घट्ट होतं, तेच चाकूच्या सांध्यात झालं. शेंगदाण्याचं किंवा दुसरं कुठलं खायचं तेलही इथे नको. ते थंडीत दाट होतं आणि वर हवेशी लागून हळूहळू चिकट होतं.

म्हणजे पहिलं काम धार लावण्याचं नाही. आधी सांधे मोकळे करायचे.

शनिवार, ४ जानेवारी

आजचा दिवस सांधे धुण्यात गेला. वाटलं होतं तासाभराचं काम, संध्याकाळ झाली.

औषधाच्या दुकानातलं ९१ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल, कानात घालायच्या कापसाच्या काड्या आणि जुना टूथब्रश, एवढंच सामान. सांध्यात थेंब सोडायचे, पातं उघडझाप करायचं, निघालेला काळा मळ पुसायचा, परत थेंब. लॉकबॅकला सगळ्यात जास्त वेळ लागला. त्याच्या लॉकची जीभ पात्याच्या मागच्या खाचेत बसते, आणि त्या खाचेच्या तळाशी वर्षानुवर्षांचं लिंट (खिशातल्या कापडाचे तंतू) आणि ग्रीस दाबून बसलं होतं. ते टूथपिकनं खरवडून काढलं. ही खाच लक्षात ठेवा, पुढे तीच महत्त्वाची ठरते. अल्कोहोल पेट घेतं, तेव्हा हे काम गॅसपासून लांब, खिडकी थोडी उघडून.

नंतर वंगण. इथे एकच तेल तिन्ही चाकूंना चालत नाही. लॉकबॅक फक्त बाहेर वापरायचा, म्हणून त्याच्या सांध्यात तेल अजिबात घातलं नाही. ग्राफाइटची पूड फुंकली, कुलपांसाठी छोट्या नळीत मिळते ती. ती थिजत नाही. पण हात काळे होतात, त्यामुळे खाण्याच्या चाकूला ती लावू नये. ओपिनेल आणि फार्मरला फूड ग्रेड मिनरल ऑइलचा एकेक थेंब. हे तेल इथे औषधाच्या दुकानात जुलाबाचं औषध म्हणून मिळतं, तेच घ्यायचं. ‘कटिंग बोर्ड ऑइल’ लिहिलेली छोटी बाटली महाग पडते आणि तिच्यात पुष्कळदा मेण मिसळलेलं असतं. सांध्यात मेण नको.

ओपिनेलच्या मुठीचा वेगळा प्रश्न आहे. बीचचं लाकूड पाणी पितं आणि फुगतं, मग पातं मुठीच्या खाचेत आवळलं जातं. त्यावर जवसाचं तेल चालतं. खाचेच्या आत आणि सांध्याभोवती काडीनं जवस तेल लावून ठेवलंय. जवस तेल हवेत सुकून घट्ट होतं म्हणून ते लाकडाला योग्य, आणि म्हणूनच धातूच्या सांध्यात जाऊ द्यायचं नाही. तेल पुसलेली चिंधी चुरगळून कचऱ्यात टाकू नका. सुकताना ती आतून तापते आणि आपोआप पेटू शकते. पाण्यात भिजवून मगच टाकायची.

शनिवार, ११ जानेवारी

जवस तेल अजून पूर्ण सुकलेलं नाही, बोटाला चिकटतंय. स्वयंपाकाचं कच्चं तेल आठवडा सहज घेतं, त्यापेक्षा जास्तही. कुणाला हे करायचं असेल तर प्रवासाच्या तीन आठवडे आधी करा. आता रेडिएटरपासून चार हात लांब उभं करून ठेवलंय. अगदी जवळ ठेवलं तर लाकूड तडकेल.

आज धार. घरी पाण्याचा दगड वापरतो, पण तो तिकडे नेणार नाही. भिजलेला दगड गोठला की तडा जातो. २८ डॉलरची बारीक दाण्याची डायमंड प्लेट घेतली, कोरडीच चालते. सगळ्या सामानात हाच मोठा खर्च.

ओपिनेलला साधारण २० अंशांची धार ठेवली, दोन्ही बाजूंनी. तो कांदा, बटाटा, पाव, चीज यांचा चाकू. लॉकबॅकला मुद्दाम जाड धार, २५ अंशांच्या आसपास. गोठलेलं लाकूड फार कडक असतं आणि पोलादही थंडीत थोडं ठिसूळ होतं. बारीक धार गाठीवर आपटली की तिचे कण उडतात. पट्ट्याच्या उलट्या चामड्यावर हिरवं पॉलिश चोळून शेवटचे हात मारले. पट्टा बरोबर घ्यायचा, प्लेटपेक्षा तोच जास्त लागतो.

ओपिनेलचं पातं गरम व्हिनेगरमध्ये बुडवून करडं करून घेतलं. वर बसणारा हा काळपट थर लाल गंजाला थोडा उशीर करतो. घरच्या विळीचं पातं कांदा आणि कैरी चिरून चिरून काळं पडतं आणि मग फारसं गंजत नाही, तेच इथे अर्ध्या तासात होतं. मात्र हा थर कवच नव्हे.

लॉकबॅकच्या मुठीवर हॉकीच्या काठीला गुंडाळतात ती कापडी टेप गुंडाळली. पितळ उघडं राहिलं तर उणे २० ला ओला अंगठा त्याला चिकटतो. टेप लॉकच्या दाबपट्टीवर येऊ द्यायची नाही.

गुरुवार, १६ जानेवारी

तिन्ही चाकूंना नारिंगी दोरी बांधली, वीतभर. भुसभुशीत बर्फात पडलेला चाकू सरळ तळाला जातो, वर फक्त एक चीर राहते. दोरीचं टोक वर दिसलं तर मिळतो. लांब दोरी बांधून गळ्यात घालणं मला पटत नाही. घसरून पडलो तर नको तिथे अडकेल.

जाडजूड झिप पिशव्या घेतल्या. त्यांचं काम सर्वात मोठं ठरेल असं वाटतंय. फर्स्ट एडच्या डब्यात चिकटपट्ट्या आणि गॉजचा रोल वाढवला.

शुक्रवार, १७ जानेवारी. ग्रँड मरे आणि पुढे

दुलूथपर्यंत ३५ नंबरचा हायवे, तिथून किनाऱ्यानं ६१ नंबरचा. दुलूथनंतर डावीकडे जंगल, उजवीकडे सरोवराची वाफ. सरपण ग्रँड मरेमध्येच विकत घेतलं. घरून लाकूड नेऊ नये. ॲश झाडं पोखरणारा एमरल्ड ॲश बोरर हा हिरवा भुंगा मिनेसोटात २००९ मध्ये सापडला आणि तो सरपणातूनच गावोगाव जातो.

केबिनच्या मालकांचं वय सत्तरीच्या पुढचं. किल्ली देताना माझ्या कमरेचा चाकू पाहून त्यांनी विचारलं, हा आतला की बाहेरचा? मला प्रश्न कळला नाही. त्यांनी पोर्चच्या भिंतीवर खिळ्याला टांगलेला आपला चाकू दाखवला. तो नोव्हेंबरात बाहेर येतो आणि एप्रिलमध्ये घरात जातो, मधे कधीच नाही. या सगळ्या नोंदींमधून एकच गोष्ट घ्यायची असेल तर ही घ्या.

स्टोव्ह पेटवायला सीडरच्या चिरफळ्या घेतल्या. लॉकबॅकनं त्यांच्या ढलप्या काढल्या, पातळ, कुरळ्या, काडीपासून न तोडलेल्या. गोठलेल्या सीडरवर चाकू छान चालतो, बर्चवर घसरतो. बर्चची साल मात्र सोन्यासारखी. तिच्यात तेल असतं, ओली असली तरी पेट घेते. विकत घेतलेल्या ओंडक्यांवरची काढायची, उभ्या झाडाची नाही.

मेहुण्याला ओंडक्यावर चाकू ठेवून वरून लाकडानं ठोकायचं होतं. मी नको म्हटलं. घडीच्या चाकूचा सगळा भार एका खिळ्यावर असतो आणि दोन-चार ठोक्यांत तो खिळा ढिला होतो. लाकूड फोडायला कुऱ्हाड आहे.

शनिवार, १८ जानेवारी

सकाळी उणे २७. आज लॉकबॅकनं दगा दिला, आणि कसा दिला ते नीट लिहितो.

सकाळभर तो पँटच्या खिशात होता, म्हणजे अंगाच्या उबेत. तळ्याकाठी स्लेडची दोरी कापायला काढला, काम झालं, दोन मिनिटं बर्फावर ठेवला. ऊबदार धातूवर बर्फाचे कण पडले आणि वितळले. ते पाणी लॉकच्या खाचेत उतरलं. मग चाकू बंद करून जॅकेटच्या बाहेरच्या खिशात टाकला, आणि तिथे ते पाणी गोठलं.

तासाभरानं उघडला. ‘टक’ असा नेहमीचा आवाज आला नाही. पातं सरळ दिसत होतं, हाताला घट्टही वाटलं. पण लॉकची पट्टी मुठीच्या पाठीशी सपाट नव्हती, केसभर वर होती. पात्याची बोथट बाजू ओंडक्यावर हलकेच दाबली, बोटं मुठीच्या खाचेपासून दूर ठेवून. पातं सरळ मिटलं. हाच दाब काम करताना आला असता तर चार बोटं मधे होती.

खाचेत तांदळाच्या दाण्याएवढाही बर्फ नव्हता. काचेसारखा पातळ पापुद्रा होता, आणि लॉक बसू न द्यायला तेवढा पुरला.

तोंडाची वाफ देऊन तो वितळवायचा नाही. श्वासातली ओल लगेच परत गोठते. गरम पाणीही नको, ते आणखी आत शिरतं. चाकू झिप पिशवीत घातला, आत नेला, पूर्ण ऊबदार झाल्यावर बाहेर काढला, खाच कापसाच्या काडीनं कोरडी केली, अल्कोहोलचा एक थेंब टाकून उरलेलं पाणी उडवलं. ग्राफाइट पुन्हा फुंकलं. मग पोर्चवर पत्र्याच्या डब्यात ठेवला आणि तो आता तिथेच राहील.

दुपारी मुद्दाम उलटं करून पाहिलं. डब्यातला गार चाकू घेतला, बर्फात खुपसला, झटकला. बर्फ पिठासारखा कोरडाच झडून गेला. धातू हवेइतकाच गार असेल तर बर्फ त्यावर वितळत नाही, आणि पाणीच नाही तर गोठणार काय? म्हणून बाहेरचा चाकू बाहेरच्या खिशात किंवा कमरेला, गारच राहू द्यायचा. ऊबदार खिशातला चाकू बर्फाला लावायचा नाही. आणि प्रत्येक वेळी उघडल्यावर लॉकचा आवाज ऐकायचा, पट्टी अंगठ्यानं चाचपायची, मगच काम.

फार्मरला लॉकच नाही, स्प्रिंगच्या ताणावर पातं उभं राहतं, त्यामुळे त्याच्या बाबतीत हा प्रश्न येत नाही. मात्र नखानं उघडायची खाच हातमोज्यांतून लागत नाही. मोजा काढावाच लागतो, आणि ॲल्युमिनियम हातातली ऊब खेचून घेतं. मेहुण्यानं जाड मोज्यांच्या आत पातळ लोकरीचे मोजे घातले, ते ठीक चाललं. करवतीनं मनगटाएवढी फांदी बघता बघता कापली गेली. पूर्ण मुक्कामात सगळ्यात कमी त्रास दिला तो याच चाकूनं.

रविवार, १९ जानेवारी

सकाळी ओपिनेलवर नारिंगी ठिपके. पात्याच्या टोकाला आणि सांध्याजवळ, जिथे व्हिनेगरचा थर पातळ होता.

हा आतला चाकू. काल अंधार पडताना मुलानं सामानाची गाठ सुटेना म्हणून तो बाहेर नेला, काम झाल्यावर जॅकेटच्या खिशात ठेवला आणि जॅकेट स्टोव्हजवळच्या खुंटीवर टांगलं. मुलाची यात काही चूक नाही, त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. उणे २० चा धातू ऊबदार खोलीत आला. खोलीत भाताची वाफ, ओले मोजे, स्टोव्हवर वितळत ठेवलेल्या बर्फाचं पातेलं. सगळी ओल त्या गार पात्यावर आधी हिमासारखी पांढरी बसली, मग पाणी झाली, आणि खिशाच्या कापडात रात्रभर तशीच राहिली.

बाहेरच्या डब्यातला लॉकबॅक मात्र स्वच्छ होता. त्या थंडीत सगळं पाणी गोठलेलंच असतं, म्हणून तिथे गंज जवळजवळ चढत नाही. चाकू गंजतो तो उंबरा ओलांडल्यावर.

गंज काढायला स्टोव्हमधली पांढरी राख घेतली. आजी पितळी भांडी राखेनं घासायची, तीच पद्धत. चाळून बारीक केलेली राख, दोन थेंब पाणी, आणि बाटलीचं बूच. धारेकडून पाठीकडे नाही, पात्याच्या लांबीच्या दिशेनं घासायचं. ताजा गंज पाच मिनिटांत गेला, काळपट थर बराचसा राहिला. राख क्षारयुक्त असते, हाताला झोंबते, म्हणून लगेच धुऊन कोरडं पुसलं आणि मिनरल ऑइल लावलं.

आता आतून बाहेर नेलेली कुठलीही वस्तू परत आणण्याआधी बाहेरच झिप पिशवीत घालायची, हवा काढून तोंड बंद करायचं, आणि आत आणल्यावर किमान तासभर उघडायची नाही. ओल मग पिशवीवर बसते, चाकूवर नाही. जड चाकूला दीड-दोन तास द्या. कॅमेऱ्यासाठी लोक हेच करतात.

संध्याकाळी दुसरा प्रकार. मुलीनं भांड्यांबरोबर ओपिनेलही पाण्यात टाकला. मूठ फुगली, पातं आत आवळलं. जवस तेलानं थोडा आधार दिला असेल, पण ते नीट सुकलं नव्हतं. यावर साव्हॉयच्या लोकांची जुनी युक्ती आहे. कडं उघडं करायचं, चाकू मुठीच्या मधोमध धरायचा, आणि मुठीचं मागचं टोक, पात्याच्या टोकाकडची बाजू, टेबलाच्या कडेवर टणकन आपटायचं. पातं बोटाच्या पेराएवढं बाहेर येतं, मग धरून ओढायचं. दुसऱ्या आपटीला आलं. लगेच स्टोव्हपासून दूर, हवेशीर जागी उघडं ठेवलं. सकाळपर्यंत मोकळं व्हावं.

स्टोव्हवर मात्र कधीच सुकवू नका. वरची पत्र्याची बाजू २०० सेल्सियसच्या पुढे सहज जाते. तेवढ्यात कार्बन स्टीलचं पाणी उतरायला लागतं. लोहारानं दिलेलं पाणी गेलेला विळा जसा कितीही पाजवला तरी धार धरत नाही, तसं पातं होतं. लाकडी मूठ तर त्याआधीच तडकेल.

सोमवार, २० जानेवारी

सकाळी मालकांनी तळ्यातून काढलेला लेक ट्राउट आणून दिला. तो पोर्चवरच साफ करायला घेतला आणि पहिल्या दोन मिनिटांतच थांबवावं लागलं. माशाच्या ओलीनं बोटं बधिर झाली, चाकू हातात आहे की नाही हेही कळेना. मालकांनी एक साधी कसोटी सांगितली. अंगठा त्याच हाताच्या करंगळीला टेकवायचा. टेकत नसेल तर चाकू खाली. हा नियम मुलांनाही लगेच समजला.

मासा आत आणून ओपिनेलनं केला. पातळ पातं पोटाच्या बाजूनं सुरेख चालतं. पण खवले आणि चिकटा घडीच्या खाचेत जातो आणि तिथे तो दिसत नाही, दोन दिवसांनी वास येतो. काम झाल्यावर पातं आणि खाच गरम साबणपाण्याच्या ब्रशनं घासली, मूठ बुडवली नाही, अल्कोहोलनं सांध्यातलं पाणी उडवलं, कागदाची पट्टी खाचेतून ओढून काढली. ती पट्टी कोरडी निघेपर्यंत हे करायचं.

धार तपासली. लॉकबॅकच्या पोटाला एका जागी बारीक दाता, बर्चच्या गाठीवरचा. २५ अंश होते म्हणून एवढ्यावर भागलं. चाकू पिशवीतून ऊबदार करून घेऊन आतच धार लावली. बाहेर गार बोटांना धारेची उलटलेली कड जाणवतच नाही आणि माणूस उगाच घासत बसतो. प्लेटवर थोडे हात, मग पट्टा. दाता पूर्ण गेला नाही, कामापुरता गेला. बाकी पुढच्या काही धारांमध्ये झिजेल. एकदम सगळं पोलाद उडवायची गरज नाही.

निघताना चाकू पोर्चवरच पिशव्यांत घातले, पिशव्या गाडीच्या डिकीत.

मंगळवार, २१ जानेवारी. घरी

मुलं शाळेत जायच्या आधी सगळ्यांची जॅकेटं, स्नोपँट आणि दप्तरं तपासली. मुलाच्या जॅकेटच्या आतल्या खिशात फार्मर निघाला. पिशवीत घालायचा तो तिथेच राहून गेला होता. इथल्या शाळेच्या आवारात चाकू सापडणं ही फार गंभीर बाब आहे, चुकून राहिला हे सांगून ती मिटत नाही. केबिनहून आल्यावर सामान लावायच्याही आधी चाकू मोजायचे आणि सगळे खिसे उलटे करायचे. मेहुण्याचं परतीचं विमान गुरुवारी आहे, त्याचीही केबिन बॅग आत्ताच रिकामी करून पाहिली.

पिशव्या रात्रभर बंदच ठेवल्या होत्या. आज उघडल्या, आतले दोन्ही चाकू कोरडे.

रविवार, ९ फेब्रुवारी

मध्यंतरी घाईत राहिलेलं काम पूर्ण केलं. ओपिनेलची मूठ आता घरच्या कोरड्या हिवाळी हवेत आकसली आहे. पातं किंचित डुलतंय. कडं फिरवल्यावर घट्ट होतं, तेव्हा लगेच काही ठोकाठोक करणार नाही. उन्हाळ्यात लाकूड परत भरेल. जवस तेल आता पूर्ण सुकलंय, आणखी एक हात दिला.

लॉकबॅकच्या सांध्यातलं ग्राफाइट धुऊन काढलं आणि मिनरल ऑइल घातलं. ग्राफाइट आणि ओल एकत्र राहिले तर पोलादाला गंज लवकर चढतो. पोर्चवरच्या कोरड्या थंडीत ते ठीक होतं, इथे तळघरात वर्षभर नको. चामड्याच्या म्यानातून काढून ठेवलाय, कातडं ओल धरून ठेवतं आणि पितळावर हिरवट डाग पडतात.

खर्च: डायमंड प्लेट २८ डॉलर, मिनरल ऑइल ६, ग्राफाइट ४, अल्कोहोल ३, हॉकी टेप ४. एकूण ४५. जवस तेल, पट्टा, दोरी, पिशव्या घरातल्याच. प्लेट आधी असेल तर १७ डॉलरात भागतं. वेळ सगळ्यात जास्त गेला तो सांधे धुण्यात आणि जवस तेल सुकण्याची वाट पाहण्यात.

पुढच्या हिवाळ्यासाठी बदल ठरवलेत. आत स्वयंपाकाला स्टेनलेस पात्याचा ओपिनेल, कार्बनचा नाही. कार्बनची धार मला मनापासून आवडते, पण चार जण हाताळणार असतील तर प्रत्येकाकडून पिशवीची शिस्त पाळली जाणं कठीण. बाहेरसाठी घडीचा न नेता म्यानातला साधा सरळ चाकू, कारण त्याला सांधाच नाही आणि बर्फ अडकायला खाचही नाही. फार्मर तसाच येईल. पोर्चवर दोन डबे, एकावर ‘बाहेर’ आणि एकावर ‘पिशवी’ अशी मराठीत चिठ्ठी, मुलीनं आत्ताच लिहून ठेवली आहे.